पुडीतलं विरजण

दही लागलं होतं. नुसतं लागलं नव्हतं, वाटी तिरकी केली तरी जागचं हलत नव्हतं. शालनने चमच्याची कड आत घातली. काप स्वच्छ निघाला. पाणी सुटलं नव्हतं, वास कोवळा, आंबटपणा बेताचा. कृष्णामाई दूध संघाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेल्या बाईने अशा दह्याला डोळे झाकून शंभरापैकी नव्वद गुण दिले असते. शेजारी दुसरी वाटी होती. तिच्यातही तेच दूध, तेवढंच कोमट करून ओतलेलं, फक्त त्यात काही घातलेलं नव्हतं. ते होतं तसंच पातळ. शालनने दोन्ही वाट्या पुन्हा एकदा पाहिल्या आणि ती स्टुलावर मटकन बसली. कारण दुधाला विरजण म्हणून तिने लावलं होतं ते दही नव्हतं, तिचं औषध होतं.

आता यात एवढं बसकण मारण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. म्हणून हे औषध काय होतं ते आधी सांगायला हवं.

शालन हिंगमिरेला लहान आतड्याचा कॅन्सर होता. मोठ्या आतड्याचा सगळ्यांनी ऐकलेला असतो. लहान आतड्याचा म्हटलं की लोक आधी 'असाही असतो का?' म्हणतात आणि मग 'लहान आहे ना, मग होईल बरा' असं म्हणून मोकळे होतात. तिचा पुण्याचा भाचाही फोनवर असंच काहीसं म्हणाला होता. हे आतडं नावाला लहान, लांबीला सहा मीटर. पण त्यात गाठ धरते ती लाखात एखाद्याला. एवढ्याशा लोकांसाठी वेगळं औषध शोधत बसायला कुणाला सवड असणार? मोठ्या आतड्याची औषधंच त्यांना अंदाजाने देत. शालनला ती सोळा महिने दिली. केस गेले, बारा किलो वजन गेलं, गाठ मात्र होती तिथेच राहिली आणि वर यकृतात तिची दोन पिल्लं दिसू लागली.

दुखणं दुर्मीळ असलं की माणूस फार एकटं पडतं. गुडघेदुखीवाल्यांना बागेतला बाक भरून सोबती मिळतात, साखरवाल्यांचे तर मेळावे भरतात. शालनला तिच्या दुखण्याचं दुसरं माणूसच कधी भेटलं नव्हतं. त्यात ती मुळातच एकटी. लग्नाच्या वयात वडिलांचं आजारपण काढलं, पाठोपाठ आईचं, आणि मग कुणी विचारेनासं झालं. सांगलीत विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि तिथे एकसष्टाव्या वर्षापर्यंत सगळे निर्णय तिचे तिने घेतलेले. फ्लॅट घेण्याचा, नोकरी सोडण्याचा, आणि चाचणीच्या कागदावर सही करण्याचाही.

ती चाचणी मिरजेच्या एका संशोधन रुग्णालयात २०४१ साली सुरू झाली. डॉक्टर अश्लेषा गुळवणी पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून तिला सगळं समजावलं होतं.

"काकू, आपल्या अंगात पहारेकरी पेशी असतात. त्यांची सगळ्यात मोठी छावणी याच आतड्याच्या भिंतीत आहे. म्हणून तर इथे कॅन्सर सहसा होत नाही. पण झालाच, तर ती गाठ दोन लबाड्या करते. एक, पहारेकऱ्यांना ब्रेक लावून ठेवते. दुसरी, मी घरचीच आहे असं भासवते."

"म्हणजे ब्रेक काढला तरी कुणाला धरायचं ते त्यांना कळत नाही," शालन म्हणाली.

"बरोब्बर! ब्रेक काढणारं इंजेक्शन तीस वर्षांपूर्वीच आलंय. पण तुमच्या आजारात त्या एकट्याने थोड्यांनाच गुण येतो. म्हणून आम्ही आता दुसरी लबाडी उघडी पाडायला निघालोय."

त्यासाठी एक जिवाणू घडवला होता. दह्यातल्या जिवाणूंच्याच भाऊबंदकीतला. त्याच्या जनुकांत असा फेरफार केला होता की गाठीवरच्या एका प्रथिनाचा तुकडा त्याच्या अंगावर उगवावा. रोज एक पुडी पाण्यातून घ्यायची. जिवाणू आतड्यात पोचायचे, छावणीतल्या पहारेकऱ्यांना तो तुकडा दिसायचा, हा परका आहे अशी ओळख पटायची, आणि ब्रेक निघालेले पहारेकरी गाठीवर तुटून पडायचे. निदान उंदरांत तरी तसं घडलं होतं. शिवाय हा जिवाणू जगात मोकाट पसरू नये म्हणून त्याला जगायला लागणारा एक पदार्थ फक्त पुडीतच घातलेला असे. तो संपला की जिवाणू दोनचार दिवसांत आपोआप मरत.

देशभरातल्या सात शहरांतून मिळून बासष्ट रुग्ण सापडले होते. इंजेक्शन सगळ्यांना खरंच मिळायचं, दर तीन आठवड्यांनी. पुडी मात्र निम्म्यांना जिवंत जिवाणूंची आणि निम्म्यांना उष्णतेने मारलेल्या जिवाणूंची. रंग, चव, वजन सगळं एक. कुणाला कोणती ते रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. रुग्णांनी एकमेकांना भेटायचं नाही म्हणून प्रत्येकाचा दिवस वेगळा. सहा महिन्यांनी बाहेरची एक समिती आकडे पाहणार होती. खऱ्या पुडीचा फायदा ठरलेल्या रेघेपलीकडे गेला, तर पडदा त्याच दिवशी उघडायचा आणि राहिलेल्यांनाही खरी पुडी द्यायची.

अशी सगळी चोख व्यवस्था. पुडी घडवणाऱ्या शास्त्रज्ञांनी सगळं पाहिलं होतं, एक सोडून. त्यांच्या घरी दही दुकानातून डब्यात येत असणार. पुडीत दह्याच्या गोतावळ्यातला जिवाणू आहे हे ऐकल्यावर कोमट दूध आणि वाटी घेऊन बसणारी बाई त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. शालनचं तर आयुष्य त्यातच गेलेलं. संघात विरजणाचं नवीन कल्चर आलं की आधी चिमूटभर दुधात घालायचं, शेजारी नुसत्या दुधाची वाटी ठेवायची आणि बघायचं. पुडी सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने सवयीने तेच केलं. नियम मोडतोय हे तिच्या ध्यानात आलं ते दही लागल्यावर.

म्हणजे आपली पुडी जिवंत होती! तिला हसू आलं, मग रडूही आलं. ही बातमी कुणाला तरी सांगावी म्हणून तिने फोन हातात घेतला आणि पाच मिनिटं नुसती नावं वर-खाली करत बसली. सांगण्यासारखं कुणी नव्हतं, आणि डॉक्टरांना सांगितलं तर चाचणीतून नाव जाणार. तिने फोन ठेवला आणि ते वाटीभर औषध साखर घालून खाऊन टाकलं.

दीड महिन्याने, तिसऱ्या इंजेक्शनच्या वेळी घोटाळा झाला. इंजेक्शनांची थंड पेटी वाटेत अडकली आणि आदल्या दिवशीच्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी बोलवावं लागलं. शालन रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होती. समोर एक किडकिडीत बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, हातात पुड्या ठेवायची करड्या रंगाची थंड डबी. तसलीच डबी शालनच्या मांडीवर होती.

"ताई, तुमची बी पुडीच व्हय?" त्या बाईने विचारलं.

शालनने इकडेतिकडे पाहिलं आणि मान हलवली. बाई खुर्ची ओढून बसलीच. तिचं नाव नसीम शिकलगार. मिरजेचीच, वय एकोणपन्नास. घरात चार शिलाई मशिनी, शाळांचे गणवेश शिवायचा धंदा. नवरा टेम्पो चालवायचा, दोन मुली, सासू.

"घर भरलेलं हाय माझं," नसीम म्हणाली. "पन ह्याचं बोलायची सोय न्हाई. तोंड उगडलं की समदी रडाय लागत्यात. मग मीच त्यास्नी समजावत बसते. तुमच्या घरात?"

"माझ्या घरात रडायलाही कुणी नाही बघ," शालन म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्या दिवशी दोघी दीड तास बोलल्या. कुठला पदार्थ उलटतो, पोटात कळ कुठून सुरू होऊन कुठे जाते, घाईची लागली की बसमध्ये काय करायचं. जे चारचौघांत बोलता येत नाही ते सगळं. नसीमने बसमधला एक प्रसंग असा काही रंगवून सांगितला की शालनला हसून हसून ठसका लागला. दोन वर्षांत ती अशी हसली नव्हती. नियम कुठल्या कुठे राहिला. पुढच्या आठवड्यात नसीम सांगलीला तिच्या घरी आली, मग शालन मिरजेला गेली.

नसीम वाळत चालली होती. शालनला ते दिसत होतं. एकदा शालन म्हणाली, "तुझ्या पुडीतली चिमूटभर देशील मला? वास बघायचाय." खोटं बोलायची सवय नसल्याने तिचे कान तापले. नसीमने काही न विचारता पुडी पुढे केली.

शालनने दोन वाट्या लावल्या. सकाळी दोन्हींत पातळ दूध. दूध बदलून पुन्हा लावल्या. पुन्हा पातळ. तिसऱ्यांदा वाटी गोधडीत गुंडाळून ठेवली. दुधाला वास मारायला लागला, पण दही काही लागलं नाही.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. बासष्ट जणांत फक्त तिलाच, एका रिटायर झालेल्या बाईला, दोन माणसांचं भविष्य कळलं होतं. तिला ते नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली आणि उगाच बोलता बोलता विचारल्यासारखं म्हणाली, "खोट्या पुडीवाल्यांचं वाईट वाटत असेल ना तुम्हाला?"

डॉक्टर गुळवणींनी चष्मा काढला. "वाटतं. पण ती पुडी खरंच काम करते का, हे अजून मलाही माहीत नाही काकू. कदाचित ती काहीच करत नसेल. कदाचित अपायही करत असेल. दहा आठवड्यांनी समिती बसेल. फायदा दिसला तर खोटीवाल्या सगळ्यांना लगेच खरी मिळेल. फक्त तोवर कुणी मधे काही गडबड करू नये. बासष्टच तर जण आहेत. एक माणूस इकडचा तिकडे झाला तरी उत्तर बदलू शकतं."

दहा आठवडे. शालनने नऊ दिवस कळ काढली. दहाव्या दिवशी सकाळी नसीम तिच्याकडे आली, जिना चढून वर येईपर्यंत तीनदा थांबली, आणि पाणी पिऊन म्हणाली, "डाक्टरीनबाईस्नी म्हनलं, धाकटीची बारावी हुस्तवर तरी मला ठेवा." हे तिने हसत सांगितलं म्हणून शालनला ते सोसलं नाही. तिने दोन वाट्यांची सगळी हकिगत सांगून टाकली. डॉक्टर काय म्हणाल्या तेही सांगितलं. तुझ्यासारखे तिकडे तीस जण आहेत, तू खरी घेतलीस तर त्यांचं उत्तर बिघडेल, आणि हे औषध काम करतं की नाही तेही ठरलेलं नाही, हे सगळं.

नसीम खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "तुमच्याकडं हाय का आता दही?"

"आहे."

"द्या."

तिने वाटी पुसून खाल्ली. शालनला तिच्यावर रागवावंसं वाटलं नाही. त्या खुर्चीत ती असती तर तिनेही तेच केलं असतं.

औषधाच्या दह्याने पुन्हा दही लावायचा प्रयत्न शालनने केला, पण दुसऱ्या पिढीलाच ते फसलं. जिवाणूला लागणारा पदार्थ तेवढ्यात संपलेला असे. त्यामुळे रोज आपल्या पुडीतली चिमूट काढून ताजंच लावावं लागे, आणि नसीमला रोज यावं लागे. सकाळी आठला मिरजेहून निघणाऱ्या विजेच्या बसने ती यायची. खायची, अर्धा तास बसायची, मुलींच्या कागाळ्या सांगायची, शालनच्या ब्लाउजची ढिली झालेली बाही बोटाने मापून 'काढा हिकडं' म्हणायची. शालन साडेसातपासून खिडकीशी उभी असे. खरं सांगायचं तर नसीमचा जीव वाचावा म्हणून ती दही लावत होती, आणि नसीम रोज यावी म्हणूनही लावत होती. हे तिला कळत होतं. त्याची तिला लाज वाटत होती, आणि तरी सकाळ झाली की आनंदही होत होता.

सहा महिन्यांनी स्कॅन झाले. शालनची गाठ निम्म्याने आटली होती, यकृतातलं एक पिल्लू दिसेनासं झालं होतं. नसीमची गाठ उशिरा सुरुवात होऊनही एक तृतीयांशाने कमी झाली होती. नसीम जिने न थांबता चढून आली आणि तिने शालनला अशी मिठी मारली की शालन अवघडूनच गेली. तिला कुणी मिठी मारल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

पण पडदा उघडला नाही.

"समितीने चाचणी आहे तशी पुढे चालू ठेवायला सांगितलंय," डॉक्टर गुळवणी म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "आकडे आम्हाला दाखवत नाहीत. रेघ ओलांडली गेली नाही एवढंच कळतं. आता पुढची पाहणी आणखी सहा महिन्यांनी."

"तुम्हाला बरं नाही का?"

"इचलकरंजीचे एक मास्तर परवा गेले. आपल्याच चाचणीतले. बेचाळीस वर्षांचे होते." मग स्वतःला सावरून म्हणाल्या, "कोणत्या पुडीवर होते ते मलाही ठाऊक नाही."

शालन घरी आली ती बधिर होऊन. रेघ थोडक्यात चुकली असेल का? खोट्या पुडीच्या रकान्यात एका बाईची गाठ कमी झालेली दिसत होती आणि ती का झाली हे जगात दोघींनाच ठाऊक होतं. एक माणूस इकडचा तिकडे झाला होता. आणखी सहा महिने ते तीस जण मेलेले जिवाणू पाण्यात ढवळून पिणार होते, आणि डॉक्टरांना आणखी कुणाच्या बातम्या येणार होत्या.

चार दिवस नसीम रोज सकाळी येऊन गेली. शालन तिच्यासमोर वाटी ठेवत होती आणि काही बोलत नव्हती. सांगितलं तर ती नको म्हणेल, रडेल, मुलींची शपथ घालेल, आणि मग आपल्याच्याने होणार नाही, असं तिला वाटत होतं. चौथ्या दिवशी नसीमची बस परत गेल्यावर तिने साडी बदलली आणि ती मिरजेला गेली.

डॉक्टर गुळवणींनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा त्यांना समजलंच नाही.

"दुधात?"

"कोमट दुधात. चिमूटभर."

"आणि खोट्या पुडीने..."

"लागत नाही. तीनदा बघितलं."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. त्या हसताहेत की रडताहेत ते कळेना. "पाच वर्षं काकू! पाच वर्षं आम्ही या पुडीचा रंग जुळवत होतो, चव जुळवत होतो. आणि तुम्ही वाटीभर दूध घेऊन..." त्या एकदम थांबल्या. "एकट्या तुम्हीच कशावरून? बासष्ट जणांत आणखी किती जणींनी दूध विरजलं असेल?"

"ते मला कसं ठाऊक असणार."

"हे तुम्ही सहा महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं." आता त्यांचा आवाज कोरडा झाला होता. "समितीला कळवावं लागेल. ती काय करेल ते मी सांगू शकत नाही. तोवर तुमची पुडी बंद. आणि त्या दुसऱ्या रुग्णाचीही. नाव सांगा."

शालनला वाटलं होतं की इथवर आल्यावर नाव सांगणं सोपं जाईल. ते गेलं नाही. तिने पाणी मागून घेतलं, सावकाश प्यायली, आणि नाव सांगितलं.

संध्याकाळी फोन वाजला. "पुड्या न्यायला मानूस आल्ता," नसीम म्हणाली. मागे शिलाई मशीन चालू होती, ती कुणीतरी बंद केली. "कशापायी आल्ता त्यो, त्ये तुमास्नी ठाव असंल." आणि तिने फोन ठेवला. शालनने परत लावला, तो कुणी उचलला नाही. नंतरचे फोनही उचलले नाहीत.

पाच आठवडे गेले. सकाळी साडेसातला शालनचे पाय सवयीने खिडकीकडे वळत. बस यायची, चौकात थांबायची, दुसरीच माणसं उतरायची.

तिकडे समितीने एक शहाणपणाचं काम केलं. बासष्ट जणांच्या शौचाचे नमुने दर महिन्याला गोठवून ठेवलेले होते. घडवलेल्या जिवाणूच्या जनुकांत ओळखीची खूण होती. ती खूण त्या सगळ्या नमुन्यांत शोधली. खोट्या पुडीच्या रकान्यातल्या चौघांच्या पोटात खरा जिवाणू सापडला. एक नसीम. बाकीचे तिघे इंदूर, हुबळी आणि नागपूरचे. डॉक्टर गुळवणींनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात पहिल्यासारखा मोकळेपणा थोडा परत आला होता.

"भेटू नका म्हणून सांगितलं होतं तरी माणसं एकमेकांना शोधत गेलीच. नागपूरच्या आजोबांना तर कुणी लस्सी पाजत होतं."

कुणाच्या पोटात खरंच काय गेलं ते धरून आकडे पुन्हा मांडले तेव्हा फरक रेघेच्या कितीतरी पलीकडे निघाला. पडदा उघडला. सातही शहरांत खोट्या पुड्या परत घेतल्या आणि खऱ्या वाटल्या. शालनला आणि नसीमलाही. मधल्या पाच आठवड्यांत शालनची गाठ होती तेवढीच राहिली होती. नसीमची थोडी वाढली होती. फार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी शालन रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावर बाकावर बसली होती, तेव्हा नसीम आतून बाहेर आली. हाताला कापसाचा बोळा चिकटवलेला. शालनला पाहून ती थांबली. निघून जाईल असं वाटलं, पण ती येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"कशी आहेस?" शालनने विचारलं.

"हाय." मग ती म्हणाली, "ती तीस मानसं वाचतील म्हनत्यात."

"सगळी नाही. पण बरीच."

"चांगलं केलंत. तुमचं काय चुकलं न्हाई ताई, मी घरात बी तसंच सांगितलं." नसीम बोळ्यावर बोट दाबून बसली होती. "पन चार दिस मी रोज सकाळी तुमच्या म्होरं बसून खात हुते. चार दिस तुमच्या पोटात ही गोष्ट हुती. मला इचारायचं हुतं."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हनले असते. रडले असते, भांडले असते तुमच्यासंगं. दोन दिस आले नसते. आनि तिसऱ्या दिशी तुमच्याबरुबर डाक्टरीनबाईकडं आले असते." तिने पहिल्यांदाच शालनकडे नीट पाहिलं. "भांडू तरी द्यायचं हुतं मला."

नसीम खरं बोलत होती की नाही, हे आता कधीच कळणार नव्हतं. पण ती रागाने बोलत नव्हती, आणि तेच शालनला फार लागलं.

नसीम उठली. तिने थंड डबी उचलली, पदर सारखा केला आणि ती जिन्याकडे निघाली. उद्या सकाळी येशील का, नुसती बसायला, असं शालनला विचारायचं होतं. कुणाला काही विचारायची सवय तिला एकसष्ट वर्षांत लागली नव्हती. ती शब्द जुळवत राहिली, आणि तोवर नसीम जिना उतरून गेली होती.